आपण मला थांबायला शिकवलेत

आदरणीय सेन्सेई,

सप्रेम नमस्कार.

या मार्चअखेर आपण परदेशी रहिवाशांसाठीचा मंगळवारचा जपानी भाषेचा वर्ग थांबवून मुलीकडे सेंदाईला राहायला जात आहात, हे कळल्यापासून मनात जे दाटून आले आहे ते माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत मावणारे नाही, म्हणून हे पत्र मी माझ्या मातृभाषेत लिहीत आहे. त्याचा जपानी अनुवाद मी स्वतः करून आपल्या हाती देईनच. परंतु परक्या देशात बसून ऑनलाइन शिकवू पाहणाऱ्या मराठी मुलींनीही ते वाचावे, असे वाटल्याने ते उघड लिहिले आहे.

पतीच्या नोकरीनिमित्त मी तोक्योला, एदोगावा या प्रभागातील निशी-कासाई वस्तीत आले. भारतीय कुटुंबे बरीच असल्यामुळे इथे तूरडाळीपासून पोह्यांपर्यंत सारे मिळते. महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले, हे इथल्या मराठी घरांत आजही अभिमानाने सांगितले जाते. एवढी आपली माणसे भोवती असताना मी जपानी शेजाऱ्यांशी फारसे न बोलताही वर्षे काढू शकले असते. आपल्या वर्गात आले, म्हणून तसे झाले नाही.

त्या सुमारास इंग्रजी शिकवण्यासाठी एका ऑनलाइन संस्थेकडे मी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली, पण शेवटी ‘आमच्या ग्राहकांना भारतीय उच्चार चालत नाहीत’ असे उत्तर आले. तो मंगळवार मला लख्ख आठवतो. आपण माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतलेत, सांत्वनाचा एकही शब्द न बोलता कागद पुढे ओढलात आणि डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरदार जोडीदारासोबत राहण्याच्या परवान्यावर, असलेल्या व्यक्तीला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करण्याची जी परवानगी काढावी लागते, तिचा अर्ज माझ्याकडून ओळीओळीने भरून घेतलात. रहिवासी कार्डाच्या मागच्या बाजूला त्या परवानगीची नोंद उमटली त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा पाय रोवल्यासारखे वाटले. पुढे आपल्या ओळखीच्या एका छोट्या खासगी वर्गाने मला ऑनलाइन इंग्रजी शिकवायला तासांवर घेतले, तेही आपल्या शब्दाखातर.

परंतु सर्वांत मोठे ऋण याहून वेगळे आहे. पहिल्या तासाच्या आदल्या संध्याकाळी आपण माझ्या घरी आलात, टॅबलेट घेऊन शेजारच्या खोलीत बसलात आणि माझ्या विद्यार्थिनी झालात. मी इंग्रजीत विचारले, ‘रविवारी आपण काय केले?’ पडद्यावर आपला चेहरा स्थिर होता. दोन-तीन सेकंदांत मी प्रश्न पुन्हा विचारला, मग सोपा करून विचारला, मग पर्याय दिले आणि अखेर उत्तरही मीच देऊन टाकले. आपण उठून या खोलीत आलात, मुगिचाचा, म्हणजे भाजलेल्या जवाच्या चहाचा, थंड पेला माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, ‘मी वाक्य जुळवत होते. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलेत.’ नंतर आपण घड्याळ टेबलावर ठेवून मला दहा सेकंद गप्प बसायला लावलेत. आमच्याकडे वर्गात शिक्षकांच्या प्रश्नावर एकाच वेळी चार मुले ओरडतात. त्या सवयीत वाढलेल्या मला ते दहा सेकंद फार जड गेले.

माझे बहुतेक विद्यार्थी कंपन्यांत काम करणारे आहेत. टोईक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ८०० च्या पुढे गुण मिळवूनही ते बोलायला बिचकतात, कारण त्या परीक्षेच्या नेहमीच्या स्वरूपात ऐकणे आणि वाचणेच तपासले जाते. आता मी थांबते, आणि सातव्या-आठव्या सेकंदाला त्यांचे वाक्य येते. ते ‘हाय, हाय’ म्हणतात तेव्हा होकार देत नसून ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगत असतात, अगदी आमच्या ‘हं, हं’सारखे, आणि ‘चोत्तो...’ (‘जरा...’) म्हणून वाक्य अर्धवट सोडतात तेव्हा तो नकार असतो, हेही आपणच समजावलेत. मराठी माणूस ‘बघू’ म्हणतो तेव्हा नेमके हेच करतो, हे मी सांगितल्यावर आपण तो शब्द वहीत उतरवून घेतला होता.

इंग्रजी ही माझी जन्मभाषा नाही, याला मी उणीव समजत होते. आपण ३६ वर्षे शाळेत इंग्रजी शिकवलेले; आपण मला उलट बाजू दाखवलीत. जपानीप्रमाणे मराठीतही क्रियापद शेवटी येते आणि ‘अ’, ‘द’ ही उपपदे नाहीत, म्हणजे विद्यार्थी जिथे अडखळतो तिथे मीही कधीतरी अडखळलेली असते. ‘लाइट’ आणि ‘राइट’ हे दोन्ही शब्द जपानी कानाला सारखेच वाटतात. तेव्हा ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून ठेवायचे, हे मी आरशासमोर दाखवते. आणि मी ‘व्हेस्ट’ व ‘वेस्ट’ एकाच ‘व’ने म्हणते, हे किती हळुवारपणे आपण माझ्या लक्षात आणून दिलेत! आता तो आरसा मी स्वतःसाठीही वापरते.

होळीला मी आणलेली पुरणपोळी खाऊन ‘यात तर आन्को आहे’ असे आपण आनंदाने म्हणालात. तो आनंद मी घरी आईला फोनवर जसाच्या तसा सांगितला. आन्को म्हणजे जपानी लाल कडधान्याचे गोड सारण; त्याचे आणि आमच्या हरभऱ्याच्या पुरणाचे नाते तिला लगेच पटले.

सेन्सेई, आपण केलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. सेंदाईच्या घरी इंटरनेट जोडले गेले की कृपया कळवावे. शनिवारी संध्याकाळचा अर्धा तास मी मोकळा ठेवला आहे. माझा ‘व’चा उच्चार अजून पक्का झालेला नाही आणि माझ्या जपानी वाक्यांसाठीही कुणीतरी दहा सेकंद थांबणारे हवे आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
निशी-कासाई, तोक्यो