रिसाल्यातल्या पत्रांसाठी आवाहन : माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून बघा

सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद आणि इथे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा रिसाला, म्हणजे घोडदळ, असायचा, हे जुन्या माणसांना सांगायला नको. तसाच हिंगोलीला. त्याच फौजेतून पुढे झालेले विसावी डेक्कन हॉर्स आणि एकोणतिसावी लान्सर्स हे रिसाले १९१४ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लढाईवर गेले. शीख, जाटांच्या जोडीने त्यांत आपले दख्खनी मुसलमान स्वार होते. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सोमच्या लढाईत हाय वुड या रानाजवळ डेक्कन हॉर्सनं भाले रोखून मशीनगनींवर घोडे घातले. एरवी मात्र बराच काळ घोडे मागे आणि स्वार खंदकातल्या चिखलात.

या स्वारांची पत्रं लष्कराचा सेन्सॉर, म्हणजे टपाल तपासणारा अधिकारी, फोडून वाचायचा. त्यातले उतारे इंग्रजीत करून तो अहवालात लावायचा, आणि ते अहवाल आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट ठेवलेले आहेत. सेन्सॉरला चकवायला कुणी हिंदी शिपायांना काळी मिरी म्हणायचं, गोऱ्यांना लाल मिरची. अडवली नाहीत ती मूळ पत्रं घरोघर पोचली. म्हणजे तर्जुमा लंडनला, आणि अस्सल कागद, उरला असेल तर, तुमच्या-आमच्या माळ्यावर.

शोधताना एक लक्षात ठेवा. बायकोला लिहिलेलं पत्र बहुधा बायकोच्या नावानं नसतंच. पत्ता वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा, वाचून दाखवणारा मास्तर नाहीतर पोस्टमन, ऐकायला सगळी आळी. अशा पत्रात नवरा मनातलं काय लिहिणार? तो म्हशीची चौकशी करतो, मनीऑर्डर पोचली का विचारतो. तेव्हा ‘हे तर नुसतं घरखर्चाचं’ म्हणून बाजूला टाकू नका.

मागच्या पावसाळ्यात एक आजी बिस्किटाच्या डब्यातून असंच एक उर्दू पत्र घेऊन आल्या. त्यांच्या सासूच्या सासूला आलेलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. पण घड्यांच्या चौकात पडलेलं भोक वाळवीचं नव्हतं, उघडून-मिटून पडलेलं होतं. त्या बाईंना अक्षरओळख नव्हती, असं आजी म्हणाल्या.

वाचनालयाला हवंय ते असं. पत्र, पाकीट, मनीऑर्डरची पावती, पेन्शनचा कागद, काहीही आणा. हे सिलेदार रिसाले होते, म्हणजे घोडा स्वाराच्या पदरचा. त्यामुळे घोड्याच्या हिशेबाचं चिटोरंही आम्हाला मोलाचं. तुमच्यासमोर फोटो काढून कागद लगेच परत देऊ. पायदळात असलेल्यांची पत्रंही चालतील. कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. त्यानं होणारं नुकसान वाळवीपेक्षा वाईट.

उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हवीत. मोडीची जास्त निकड आहे. स्कॅनर, आम्लविरहित कागदाची पाकिटं आणि उर्दू-मोडी वाचून देणाऱ्यांचा प्रवासखर्च यासाठी पैसे लागतील. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. पैसे देणाऱ्यांपेक्षा ट्रंक उघडणाऱ्यांची वाट आम्ही जास्त बघतोय, हे खरं.

सोमवार सोडून रोज संध्याकाळी पाच ते आठ. मोडी येणारे आजोबा असतील तर त्यांना बरोबर घेऊन या. वाचनालय तळमजल्यावरच आहे, जिना चढावा लागत नाही.

आपले,
वाचनालयाची कार्यकारिणी