क्लीन-डिस्टॉर्शनचा तोल तालमीतच साधावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बँडच्या कार्यक्रमाविषयी लिहिताना गिटार चढली आणि शब्द बुडाले, किंवा हळुवार कडव्यात गिटार ऐकूच आली नाही, अशी तक्रार वारंवार केली जाते. खापर मात्र मिक्सरवर बसलेल्या माणसावर फुटते. आमच्या मते तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. गिटारच्या अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) क्लीन म्हणजे स्वच्छ आवाज आणि डिस्टॉर्शन म्हणजे मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज एकाच माइकमधून येतात. दोहोंच्या पातळीत मोठी तफावत असेल, तर एका फेडरने (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या खुंटीने) ती सावरता येत नाही. डिस्टॉर्शन आवरायला फेडर खाली ओढला की पुढच्या कडव्यातला क्लीन आवाज गायब होतो. हा तोल वादकानेच, तोही तालमीत, साधायला हवा.

डिस्टॉर्शनमध्ये लहरींची टोके छाटली जातात. त्यामुळे आघात आणि त्यामागचा रेंगाळणारा स्वर यांतले अंतर घटते. मीटरवर दोन्ही आवाजांची टोके सारखी दिसली तरी कानाला डिस्टॉर्शनच मोठे वाटते, कारण कान सरासरी पातळी जोखतो. म्हणून मीटर बाजूला ठेवावा. आधी क्लीन चॅनेल (अ‍ॅम्पचा त्या आवाजाचा विभाग) ड्रम आणि बेस गिटारसोबत नीट ऐकू येईल इतका लावावा, मग डिस्टॉर्शनचा व्हॉल्यूम त्याच्या जोडीला आणावा. उलट क्रमाने लावले तर क्लीनला वर जायला जागाच उरत नाही. हे सगळे कार्यक्रमाच्या पातळीवरच करायचे. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. घरी बेस-ट्रेबल (खर्ज आणि वरचे स्वर) वाढवून आणि मिड (मधले स्वर) पाडून सजवलेले डिस्टॉर्शन रंगमंचावर घुमते, बोचते आणि तरीही बँडमध्ये हरवते. अशा वेळी गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) थोडा कमी आणि मिड थोडा जास्त करावा. हा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

दोन चॅनेलच्या अ‍ॅम्पमध्ये निम्मे घोटाळे फुटस्विचचे (चॅनेल बदलायच्या, पायाने दाबायच्या बटणाचे) असतात. काही अ‍ॅम्पना दाबल्यावर त्याच स्थितीत राहणारा स्विच लागतो, काहींना दाबून सोडायचा. दाबून सोडायच्या जागी टिकून राहणारा लावला तर प्रत्येक बदलासाठी सहसा दोनदा दाबावे लागते. उलट केले तर पाय उचलताच आवाज मूळ चॅनेलवर परततो. दोन बटणांच्या अनेक फुटस्विचना स्टिरिओ जॅकची केबल लागते. तिथे गिटारची साधी केबल खुपसली की जॅकचे मधले कडे अर्थला (भूसंपर्काला) जोडले जाते आणि एक बटण चालतच नाही. अ‍ॅम्प बिघडला असे समजून तो उघडण्याआधी केबल बदलून पाहावी. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये दोन्ही चॅनेलना बेस-मिड-ट्रेबल सामाईक असतात. तिथे नॉब क्लीनसाठी लावावेत आणि डिस्टॉर्शनचा पोत पेडलने (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीने) सुधारावा.

क्लीन चॅनेलपुढे पेडल लावणाऱ्यांची अडचण वेगळी असते. १५-२० वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प जोरकस ड्रमरशेजारी क्लीन राहतच नाही. दुप्पट वॉटचा अ‍ॅम्प आणला तरी फक्त ३ डेसिबल मिळतात. त्यापेक्षा आहे त्याच अ‍ॅम्पचा आवाज थोडा कमी ठेवून माइक लावावा. सोलोसाठीचा बूस्टही (सिग्नल उचलणारे पेडल) चुकीच्या जागी लावलेला दिसतो. आधीच डिस्टॉर्ट होणाऱ्या अ‍ॅम्पच्या पुढे बूस्ट लावला की गेन वाढतो, आवाज नाही. तो इफेक्ट्स लूपमध्ये (अ‍ॅम्पमधल्या गेनच्या टप्प्यानंतर पेडल जोडायच्या वाटेत) ठेवून ३ ते ५ डेसिबल उचलला की सोलो पुढे येतो. डिलेही (पडसाद देणारे पेडल) लूपमध्येच बरा. डिस्टॉर्शनच्या आधी आला की पडसादांचा चिखल होतो. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) सरसकट चालू ठेवू नये, तो क्लीन स्वरांची शेपटी कापतो. पेडल दाबताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर बहुधा कपॅसिटरमधून झिरपलेला डीसी (एकदिश) विद्युतदाब जमलेला असतो. पेडलचा इनपुट आणि अर्थ यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला की तो बहुतेक वेळा थांबतो.

आम्हाला सगळ्यांत पसंत असलेली पद्धत मात्र गिटारच्या व्हॉल्यूम नॉबची आहे. अ‍ॅम्प मध्यम गेनवर ठेवायचा, कडव्याला नॉब ५-६ वर, धृपदाला १० वर. नॉब उतरवला की आवाज बोथट होतो, कारण नॉबचा रेझिस्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (दर मीटरला साधारण १०० पिकोफॅराड) मिळून वरचे स्वर गाळून टाकतात. केबल आखूड करावी, किंवा नॉबच्या इनपुट आणि मधल्या टोकांमध्ये १ नॅनोफॅराडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडावा. फार चढ्या गेनवर मात्र ही युक्ती चालत नाही. नॉब अर्ध्यावर आणला तरी स्वर क्लीन होत नाही.

दोन अ‍ॅम्प घेऊन स्विचने अदलाबदल करणाऱ्यांना आधी सामना करावा लागतो तो घरघरीचा. दोन्ही अ‍ॅम्पच्या अर्थिंगचे वेटोळे तयार होते. त्यावर उपाय म्हणजे एका वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजूंचा थेट विद्युतसंपर्क तोडणारा) असलेला स्विच-बॉक्स. प्लगची अर्थची पिन काढून घरघर घालवणे हा उपाय नव्हे, जिवाशी खेळ आहे. बोटे तारांवर आणि ओठ माइकला लागलेले असताना शॉक लागू शकतो. दोन्ही अ‍ॅम्प एकदम वाजवल्यावर खर्ज नाहीसा झाला तर एकाची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटी आहे असे समजावे. आणि एका स्पीकरवर दोन व्हॉल्व्ह हेड (स्वतःचा स्पीकर नसलेले अ‍ॅम्प) आलटून-पालटून चालवायचे तर साधा स्विच चालणार नाही. ज्या हेडला स्पीकर नाही, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

डिजिटल मॉडेलर (अ‍ॅम्प आणि पेडलची नक्कल करणारे यंत्र) वापरणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: गाण्याच्या मध्ये प्रीसेट (साठवलेली आवाजाची मांडणी) बदलू नये, अनेक यंत्रांत तेवढ्यापुरता आवाज तुटतो. एकाच प्रीसेटमधले सीन किंवा स्नॅपशॉट (त्याच मांडणीत साठवलेले बदल) वापरावेत.

साउंडचेकला साउंडवाल्याला आधी सर्वांत मोठा आवाज, म्हणजे बूस्टसह सोलो, वाजवून दाखवावा. मग धृपदाचे डिस्टॉर्शन आणि शेवटी क्लीन. मिक्सरवरचा गेन त्याने पहिल्यावर लावला की पुढचे दोन आवाज फेडरला हात न लावता बसले पाहिजेत. बसले नाहीत तर फेडर तसाच ठेवून अ‍ॅम्पचे नॉब फिरवावेत.

आपले,
काही गिटारवादक व ध्वनितंत्रज्ञ वाचक