क्षमेची घाई नको

महोदय,

पुनर्स्थापक न्याय म्हणजे गुन्हा करणारा आणि पीडित यांची समन्वयकाच्या मदतीने बैठक घडवून झालेले नुकसान भरून काढण्याचा मार्ग. त्याच्या आधुनिक वाटचालीत श्रद्धावान माणसांचा वाटा मोठा आहे. १९७४ मध्ये कॅनडातील एल्मायरा येथे दोन तरुणांनी २२ ठिकाणी मोडतोड केली. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी आणि परिविक्षा अधिकारी (न्यायालयाने देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारे) मार्क यांत्झी यांनी सुचवले, की दोघांनी नुकसानग्रस्तांना समोरासमोर भेटावे. न्यायाधीशांनी ते मानले. दोघे दारोदारी गेले, त्यांनी भरपाईही दिली.

मात्र श्रद्धेतून प्रेरणा मिळते, कार्यपद्धती शिकावीच लागते. बैठकीपूर्वी समन्वयकाने दोन्ही पक्षांना स्वतंत्रपणे, गरज पडल्यास अनेकदा भेटावे. आरोपीने कृत्याची जबाबदारी घेतलेली हवी. पीडिताची संमती ऐच्छिक हवी, ती कधीही मागे घेता यावी. करारात रक्कम, हप्ते, तारखा आणि देखरेख कोण करणार, हे लिहावे. नुसते ‘यापुढे सुधारेन’ लिहिले तर पाठपुरावा कशाचा करणार?

श्रद्धाळू समन्वयकांकडून, तेही सद्भावनेपोटी, होणारी गंभीर चूक म्हणजे पीडितावर क्षमेचा दबाव आणणे. मार खाल्लेल्या माणसाला ‘माफ करून टाका’ सांगणे म्हणजे त्याला पुन्हा दुखावणे. क्षमा न करताही बैठक यशस्वी होऊ शकते. प्रश्नांची खरी उत्तरे मिळणे अनेकांना अधिक मोलाचे वाटते.

दोन्ही पक्ष भिन्न धर्मांचे, किंवा एक नास्तिक असेल, तर प्रार्थनास्थळ टाळून तटस्थ जागा घ्यावी, शक्यतो सहसमन्वयक वेगळ्या धर्माचा असावा. आरंभी प्रार्थना करायची की शांत बसायचे, हे दोघांना आधीच, वेगवेगळे विचारावे. समोरासमोर विचारले, तर संकोचापोटी कुणी नाही म्हणत नाही.

– एक वाचक