बाई, कोबीवरच्या त्या माशीसाठी आभार

कडोली, ता. बेळगाव

आदरणीय बाई,

समोर येऊन बोलले असते तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

भात निघालं की आम्ही कोबी लावतो, आणि ढगाळ हवा पडली की तिच्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढतोच. यंदाही चढला. ह्यांनी पंपात औषध ओतायला घेतलं आणि नेमक्या तुम्ही आलात. बांधावरच्या धण्याच्या फुलांवर केशरी-काळी माशी हवेत जागच्या जागी तरंगत होती. जाऊबाईंनी लेकराला मागं ओढलं. तुम्ही म्हणालात, हिला नांगीच नाही. मधमाशीला चार पंख, हिला दोनच, आणि मिशा अगदी आखूड. पोटाच्या केशरी पट्ट्यावर एक जाड, एक बारीक अशी काळी जोडरेघ दिसली की ती एपिसिरफस बाल्टिएटस, हे तिचं शास्त्रीय नाव. डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले तो नर, मध्ये फट असेल ती मादी. आता हे मी पैजेवर सांगते!

पण खरी मजा पानाखाली होती. माव्याच्या गर्दीतच मादी तांदळाच्या कणीसारखं एकेक पांढरं अंडं घालून जाते. त्यातून निघणाऱ्या अळीला ना पाय, ना डोळे. अंग इतकं पारदर्शक, की आतली काळपट आतडी दिसतात. तुमच्या भिंगातून बघितलं: तोंड इकडेतिकडे फिरवत ती चाचपडते, एक मावा सापडला की त्याला पानावरून उचलून धरते आणि रस शोषून नुसती कातडी टाकून देते. कोषात जाईपर्यंत अशी शेकडो मावा फस्त करते, म्हणालात. मोठी माशी मात्र फक्त मकरंद आणि पराग खाते, आणि पराग मिळाला नाही तर मादीची अंडी पिकत नाहीत. हे ऐकूनच ह्यांनी धण्याची ओळ उपटली नाही. माणूस हट्टी आहे, तुम्ही ओळखता.

त्या वाफ्याला औषध मारलं नाही. बाहेरची काही पानं खराब झाली, गड्डे चांगले भरले. दुकानदार थोडा नाराज आहे, असू दे.

तुम्ही बाटलीत ठेवायला दिलेल्या थेंबाच्या आकाराच्या दोन कोषांपैकी एकातून माशी निघाली. दुसऱ्यातून बारीक गांधीलमाशीसारखं काहीतरी बाहेर आलं. फोनवर विचारलं तर तुम्ही हसलात: अळीच्या अंगातच अशा एका गांधीलमाशीनं अंडं घातलं होतं! म्हणजे माव्याला खाणारीलाही खाणारं कुणीतरी आहेच.

आता एक मागणं. गोठ्यामागच्या शेणाच्या डबक्यात लांब शेपटीच्या अळ्या वळवळतायत. त्या शेपटीनंच श्वास घेतात आणि ह्याच माश्यांच्या भाऊबंदांतल्या, असं तुम्ही म्हणाला होतात. रविवारी भिंग घेऊन याल का? पोरं आत्तापासूनच बरण्या धुऊन बसली आहेत.

तुमची,
कोबीवाली