धुऱ्यावर तणनाशक मारण्याआधी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तणनाशक मारू नका, मधमाश्यांसारख्या परागावर जगणाऱ्या माश्यांना त्रास होतो, असं मी म्हटलं, तेव्हा रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तणनाशक गवतासाठी असतं, माशीला त्याचं काय होतंय?" रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. प्रश्न रास्त आहे. बरीच वर्षं सगळ्यांचा समज तोच होता.

ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातलं एक एन्झाइम बंद पाडतं, म्हणून झाड वाळतं. ते एन्झाइम माणसात नाही, माशीतही नाही. पण माशीच्या आतड्यात राहणाऱ्या कितीतरी जिवाणूंमध्ये ते असतं. 2018 साली टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांना ग्लायफोसेट मिसळलेला पाक दिला. त्यांच्या पोटातला स्नोडग्रासेला हा मुख्य जिवाणू घटला, आणि रोगजंतू दिल्यावर त्या माश्या जास्त मेल्या. विषानं मेल्या नाहीत. पोटातले राखणदार गेले म्हणून रोगानं मेल्या.

हाच स्नोडग्रासेला रानातल्या बंबलबी माशीतही असतो. बंबलबी म्हणजे इकडची थंड मुलखातली गुबगुबीत, केसाळ माशी. तिच्यावर इथे झुरिकमध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. 2011 साली तो प्रसिद्ध झाला. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या काही माश्यांना पोळ्यातल्या बहिणींची विष्ठा मिळू दिली, काहींना नाही. मग क्रिथिडिया नावाच्या परजीवीची लागण केली. ज्यांना बहिणींकडून जिवाणू मिळाले होते, त्यांच्या पोटात परजीवी फारच कमी वाढला. आई, तुला हे लगेच पटेल. दूध कितीही चांगलं असो, विरजण घरातूनच यावं लागतं.

आता आपल्या शेतातलं. आई, तुझ्या गुलाबाची पानं गोल कातरून नेणारी जी माशी आहे ना, तीच आणि तिच्या जातीच्या माश्या तुरीच्या फुलावर येतात. त्यांचं पोळं नसतं. मादी एकटीच पोकळ काडीत किंवा भोकात पानांचं अस्तर लावते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड बंद करते आणि निघून जाते. पिल्लाला आई कधी दिसत नाही. मग त्याला जिवाणू कुठून मिळायचे? फुलावरून, परागासोबत. अशाच एकट्या राहणाऱ्या एका अमेरिकी माशीच्या अळ्यांना विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी निर्जंतुक केलेला पराग खाऊ घातला. 2019 चा हा अभ्यास. पराग भरपूर होता, तरी अळ्या नीट वाढल्या नाहीत, मेल्याही जास्त. त्या एकट्या पिल्लाचं सगळं आरोग्य फुलावर अवलंबून, हे वाचून मी किती तरी वेळ आपल्या धुऱ्याचाच विचार करत होते.

फुलावरून रोगही पसरतो, हेही खरं. आजारी माशी क्रिथिडिया फुलावर सोडून जाते, दुसरी तो उचलते. म्हणून फुलं कमी झाली की मला जास्त भीती वाटते. उरलेल्या चार फुलांवर सगळ्यांची गर्दी, आणि वर उपासमार. 2022 मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झला दिसलं, की खाणं तोकडं असताना ग्लायफोसेट मिळालेल्या बंबलबी वसाहतींना पिल्लांची ऊब टिकवता येईना. पोट भरलेलं असताना हा फरक नजरेत येत नाही, म्हणून तर इतकी वर्षं तो सुटला.

बाबा, तुमच्या सूर्यफुलाचंही एक सांगते. सूर्यफुलाचा पराग खाल्लेल्या बंबलबींमध्ये क्रिथिडिया खूप कमी होतो, असं मॅसॅच्युसेट्समध्ये आढळलं. पण त्या परागात प्रथिनं कमी, नुसत्या त्याच्यावर पिल्लं पोसत नाहीत. तरोटा, रानतुळस, एकदांडी, रिंगणी असं मिसळीचं लागतं, आणि ते सगळं धुऱ्यावरच उगवतं.

निंदायला माणूस मिळत नाही, तुमची कंबर धरते, हे मला माहीत आहे. इथे बसून उपदेश करणं सोपं आहे, म्हणून काम कमी होईल तेवढंच मागते. धुऱ्यावर फवारणी नको. जाण्यायेण्याची वाट तेवढी ग्रासकटरनं कापून घ्या. बाकीचं फुलोरा ओसरल्यावर, तेही एका वर्षी एकच बाजू. ग्रासकटरचे पैसे मी या महिन्यात पाठवते, नको म्हणू नका. आणि गोठ्यामागच्या मातीच्या भिंतीला सिमेंट लावायचं थांबवा. वांग्याच्या फुलाला लटकून घूं घूं करणारी निळ्या पट्ट्यांची माशी असल्याच भिंतीत आणि मातीत बिळं करते.

आई, बाबांना हे वाचून दाखव, चष्मा बदलेपर्यंत त्यांना बारीक अक्षर वाचायला लावू नकोस. तुरीला कळी कधी लागते ते कळवा. आणि पानं कातरलेली दिसली तर फोटो काढून पाठव.

तुमची लेक