गुडघ्याच्या ऑपरेशनाआधी

कुंडल, जि. सांगली

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मलाही पुढं बोलता येईना, म्हणून लिहितोय. काल तुझा एमआरआय घेऊन मिरजेला जाऊन आलो. गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारा आतला चिवट बंध, पुरतं तुटलंय. ते सांध्याच्या आत असतं, तिथं तुटलेली टोकं सहसा आपणहून जुळत नाहीत. म्हणून आपल्याच पायातलं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून दुर्बिणीनं त्या जागी बसवतात.

टेंडन कुठलं घ्यायचं, हा खरा प्रश्न. वाटीखालचं घेतलं तर त्याच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात, हाडाला हाड लवकर धरतं, पकड पक्की बसते. पण पुढं गुडघा टेकला की दुखण्याचा संभव जास्त. मांडीच्या मागचं, म्हणजे हॅमस्ट्रिंगचं घेतलं तर टेकायला त्रास कमी, मात्र हाडात मुरायला वेळ लागतो आणि पाय मागं ओढायची ताकद थोडी घटते. वाटीवरचं, मांडीच्या पुढच्या स्नायूचं म्हणजे क्वाड्रिसेप्सचं टेंडनही आता वापरतात, ते चांगलं जाड असतं.

पोरी, पट काढताना, म्हणजे समोरचीचे पाय धरून तिला पाडताना, तुझा उजवा गुडघा आधी मॅटवर जातो. लहानपणी तुझी प्रत्येक ट्रॅकपँट उजव्या गुडघ्यावरच फाटायची, आई ठिगळावर ठिगळ लावायची. त्यामुळं वाटीखालचं टेंडन नको, असं माझं मत. ‘मी कुस्ती खेळते, दिवसभर गुडघे टेकते’ हे तुझ्या डॉक्टरांना स्वतः सांग, आणि त्यांचा हात कुठल्या पद्धतीवर बसलाय तेही विचार. शेवटचा शब्द त्यांचा.

1996 साली माझा गुडघा सरकला तेव्हा मी लेप लावून घेतला, महिन्यात सूज उतरली आणि मैदानात उतरलो. दुसऱ्याच कुस्तीत आतली गादीही फाटली. आज मला पंगतीत मांडी घालता येत नाही. तुझं तसं होऊ द्यायचं नाही.

बसवलेलं टेंडन पहिले काही महिने उलट कमजोर होतं, त्यात नव्यानं रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो. नेमकं तेव्हाच दुखायचं थांबतं आणि पोरं आखाड्यात उतरतात. नऊ महिन्यांच्या आत कुस्ती नाही, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद मोजून घेतल्याशिवाय नाही. निवड चाचणी हुकली तर हुकू दे. ऑपरेशनाआधी सूज उतरव, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे.

घरी खाली बसायची पंचाईत नको म्हणून कमोड बसवून घेतोय. गवंडी उद्या येतोय.

तुझे,
आप्पा