कोर्टाचा कागद आला की लगेच पैसे काढून देऊ नका

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

सोयाबीन घरात आलं, कपाशीची वेचणी चालू आहे आणि नेमकं याच टायमाला आमच्या भागात गावोगावी कोर्टाच्या नावाचे कागद यायला लागलेत, कुणाला मोटरसायकलचं चालान, कुणाला ग्रामपंचायतीची थकलेली घरपट्टी, कुणाला बँकेचं पीककर्ज. कागदावर न्यायालय हा शब्द दिसला की माणूस अर्धा होतो. आमच्या गल्लीतले एक काका, साधे कास्तकार, कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घेऊन हिंडत होते, घरात बायकोलाही दाखवला नाही, मला म्हणाले, "पाय बरं भाऊ, जेलात टाकतीन काय मले?" उघडून पाहिलं तर लोक अदालतीची नोटीस, चालान भरायचं राहिलं म्हणून, आणि तेही त्यांनी केव्हाच विकून टाकलेल्या गाडीचं. तोपर्यंत तालुक्याला एकानं "मॅटर मिटवून देतो" म्हणून त्यांच्याकडून पैसे घेतलेही होते, पावती नाही काही नाही. याचाच संताप आला म्हणून हे पत्र लिहितोय.

लोकांना सगळ्यात आधी हे कळायला पाहिजे की लोक अदालतीची नोटीस वेगळी आणि समन्स, म्हणजे हजर राहा असा कोर्टाचा हुकूम, वेगळा. लोक अदालत म्हणजे तडजोड, दोन्हीकडची मर्जी असेल तरच होते, तिथं जायला फी लागत नाही आणि नाही गेलं किंवा जमलं नाही तर त्यासाठी वॉरंट निघत नाही, प्रकरण पुढं कोर्टाच्या रस्त्यानं जातं इतकंच. पण तिथं सही करताना रक्कम नीट वाचून करा, कारण लोक अदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही. काकांच्या बाबतीत खरी अडचण कागदाची होती, गाडी विकली पण आरटीओत नाव ट्रान्सफर झालंच नाही. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ त्यासाठीच आहे, आणि आपल्याकडं अर्ध्या गाड्या नुसत्या स्टॅम्प पेपरवर विकल्या जातात. चालान चुकीचं वाटलं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या वेबसाइटवर तक्रार टाकायची सोय आहे, फोटोही दिसतो, आधी तो बघा की गाडी आपलीच आहे का. आणि व्हॉट्सअपवर "आरटीओ चालान" नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये परस्पर अ‍ॅप टाकणारी फाइल, आली तर तिला हातही लावू नका, त्यातून बँक खाती साफ झालीत लोकांची.

समन्सचं मात्र तसं नाही. त्याच्यावर कोर्टाचा शिक्का, सही, केस नंबर, कलम आणि पेशीची तारीख असते, तो आला की गेलंच पाहिजे, नाहीतर वॉरंट निघू शकतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात एक बदल खेड्यात फार महत्त्वाचा आहे, आधी घरातल्या सज्ञान पुरुषाच्याच हातात समन्स देता यायचा, आता माणूस सापडला नाही तर घरातल्या कुणाही सज्ञान व्यक्तीला देता येतो. म्हणजे घरधनी वावरात आणि बाईनं सही केली तरी समन्स बजावला गेला. बायांना हे कुणी सांगितलेलंच नाही, त्या कागद डब्याखाली ठेवून देतात आणि तारीख निघून जाते. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही, ती फक्त कागद मिळाल्याची सही आहे, त्यामुळं घाबरून परत पाठवू नका. केस खरंच आहे की नाही हे ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर फुकटात बघता येतं, गावातल्या कोणत्याही कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटाचं काम आहे.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते कबुलीबद्दल. कोर्टाच्या आवारात सर्रास सल्ला मिळतो, "कबूल कर, पाचशे भर, मोकळा हो, कशाला तारखा करतं." मजुरी बुडते म्हणून लोक ऐकतात, त्यात त्यांना दोष देत नाही मी. पण कबूल केलं की दोषी ठरवल्याची नोंद होते आणि मग अपीलही जवळपास बंद, शिक्षा जास्त झाली किंवा कायद्यात बसत नाही एवढ्यापुरतंच उरतं. आमच्याकडं पहाटे रोडवर धावणारी पोरं बघा, सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी. गणपतीत नाहीतर पोळ्याच्या दिवशी काही भांडण झालं, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या (जुना मुंबई पोलीस कायदा) कलम ११०/११७ मध्ये, म्हणजे चारचौघांत असभ्य वागल्याच्या केसमध्ये, नाव गेलं, पोरगं दंड भरून आलं आणि विसरलं, मग भरतीत निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म, भरताना केसचा रकाना येतो, तिथं लपवलं तर वेगळंच संकट. मॅजिस्ट्रेट साहेब गुन्हा वाचून दाखवतात तेव्हा "कबूल नाही" म्हणायचा पूर्ण हक्क आहे, त्यानं कुणाचा अपमान होत नाही, मग पुरावा सरकार पक्षानं द्यायचा. आणि चूक झालीच असेल तर १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली समज देऊन सोडा अशी विनंती करता येते, तसं सुटलं तर त्या दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागत नाही. हे त्या पोरांना पेशीच्या आधी सांगणारं कुणी पाहिजे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून एकटं उभं राहायची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाई, एससी, एसटी, अपंग, कोठडीतला माणूस यांना कमाई कितीही असो फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, साधा अर्ज करायचा, फोन करायचा तर १५१०० नंबर आहे. आमच्या भागातल्या कोलाम, गोंड बांधवांना आणखी एक, साक्ष चालू असताना भाषा समजत नसेल तर ती समजावून सांगायची जबाबदारी कोर्टाची आहे, मान डोलावत उभं राहू नका, सांगा की समजलं नाही.

माझी मागणी मोठी नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तालुका विधी सेवा समितीनं आपला विधी स्वयंसेवक प्रत्येक गावात पाठवावा, त्यानं एक खरा समन्स आणि एक लोक अदालतीची नोटीस हातात धरून दोन्हीतला फरक लोकांना दाखवावा, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर १५१०० हा नंबर ऑइलपेंटनं कायमचा लिहावा. बायांच्या बचतगटाच्या मीटिंगमध्ये पण हेच सांगावं, कारण कागद आता त्यांच्याच हातात पडणार आहे. आणि साहेब, तुमच्या पेपरात पुढच्या लोक अदालतीच्या आधी तारीख आणि सोबत न्यायचे कागद यांची एक चौकट छापली तर आमच्याकडं ती कापून दुकानाच्या भिंतीला लावतील.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ